मारेकऱ्याच्या नजरेने वाचताना : एका कादंबरीचा प्रकरण अभ्यास

2006 साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने जॉनथन लिटेल या लेखकाची ‘ले बियँव्हेयाँत’ ही सुमारे नऊशे पानांची फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा निवेदक मॅक्सिमिलियन आउए हा नाझी राजवटीच्या एस.एस. या संघटनेच्या सुरक्षा सेवेतला अधिकारी आहे. तो कायद्याचा पदवीधर आहे, संगीताचा आणि फ्रेंच साहित्याचा चाहता आहे, आणि युद्धानंतर अनेक वर्षांनी, उत्तर फ्रान्समधल्या लेस विणण्याच्या एका कारखान्याचा संचालक म्हणून निर्धास्त जगत असताना तो आपली कहाणी लिहायला बसतो. युक्रेनमधल्या सामूहिक हत्या, कॉकेशस, स्टालिनग्राड, ऑशविट्झ, 1944 चे हंगेरी आणि अखेर कोसळणारे बर्लिन, असा त्याचा प्रवास आहे. संपूर्ण कादंबरीत दुसरा आवाज नाही. प्रकाशनाच्या वर्षीच तिला फ्रेंच अकादमीचे कादंबरी-पारितोषिक आणि गाँकूर पारितोषिक असे दोन्ही मान मिळाले, तिच्या लाखो प्रती खपल्या, आणि त्याच वेळी हे पुस्तक लिहिलेच जायला नको होते असे म्हणणारेही तितक्याच ठामपणे बोलू लागले. 2008 मध्ये जर्मन आणि 2009 मध्ये इंग्रजी अनुवाद आल्यावर हा वाद त्या त्या देशात नव्याने पेटला. जर्मनीत तर समीक्षकांचा सूर बराच कठोर होता.

युद्धविषयक ललित साहित्यात अत्याचार करणाऱ्याविषयी वाचकाच्या मनात जवळीक निर्माण होते तेव्हा नेमके काय घडते, हे तपासण्यासाठी मी हे एकच प्रकरण घेतले आहे. त्यामागचे कारण असे की, येथे पळवाटा फार कमी आहेत. निवेदक पश्चात्तापदग्ध नाही. त्याला कोणी फसवलेले नाही, कोणी जबरदस्तीने ओढून नेलेले नाही, आणि आपल्याला काही ठाऊक नव्हते असेही तो म्हणत नाही. तरीही नऊशे पाने वाचक त्याच्यासोबत राहतो. या घटनेचे सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण असे असते की, लेखकाने राक्षसाला माणूस करून दाखवले आणि म्हणून वाचकाला त्याची दया आली. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. आउएची दया फारशी कोणाला येत नाही. वाचक त्याच्याशी जोडला जातो तो दयेमुळे नव्हे, तर लक्षामुळे. ज्या गोष्टींकडे आउए पाहतो त्यांकडे वाचक पाहू लागतो, आणि ज्या गोष्टी आउएला महत्त्वाच्या वाटत नाहीत त्या वाचकाच्याही नजरेआड जातात. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

कादंबरीखालचा इतिहास

आउए काल्पनिक असला तरी त्याच्या भोवतीचे जग काल्पनिक नाही. जून 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले तेव्हा सैन्याच्या मागोमाग ‘आइनझाट्सग्रुप्पे’ या नावाची चार फिरती हत्यापथके पाठवण्यात आली. सुरुवातीला या चारही पथकांत मिळून सुमारे 3,000 माणसे होती. त्यांपैकी ‘क’ पथकातल्या झोंडरकोमांडो 4अ या तुकडीत लिटेलने आउएची नेमणूक केली आहे. तिचा प्रमुख पाउल ब्लोबेल हा ऐतिहासिक व्यक्ती आहे. सप्टेंबर 1941 मध्ये कीव्ह जर्मनांच्या हाती पडल्यावर शहरात भित्तिपत्रके लावून ज्यूंना आदेश देण्यात आला की, 29 सप्टेंबरच्या सकाळी कागदपत्रे, पैसे, मौल्यवान वस्तू आणि गरम कपडे घेऊन ठरलेल्या चौकात जमावे. तिथून त्यांना शहराच्या कडेला असलेल्या बाबी यार नावाच्या घळीकडे चालवत नेण्यात आले. 29 आणि 30 सप्टेंबर या दोन दिवसांत तेथे 33,771 ज्यूंना गोळ्या घालून मारल्याचा अहवाल मारेकऱ्यांनीच बर्लिनला पाठवला.

आउएसारखा सुशिक्षित, रसिक माणूस अशा कामात असणे अविश्वसनीय आहे, असा आक्षेप काही वाचक घेतात. तो टिकत नाही. ‘क’ पथकाचा प्रमुख ओटो राश याच्याकडे दोन डॉक्टरेट होत्या. ‘ड’ पथकाचा प्रमुख ओटो ओलेनडॉर्फ कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला होता; जानेवारी 1946 मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयात त्याने आपल्या पथकाने सुमारे 90,000 माणसे मारल्याचे शांतपणे सांगितले. ब्लोबेल स्वतः वास्तुविशारद होता. त्याला आणि ओलेनडॉर्फला जून 1951 मध्ये फाशी देण्यात आली. तेव्हा सुसंस्कृतपणा आणि संहार यांचे एकत्र नांदणे हा लिटेलच्या कल्पनेचा खेळ नाही, हे आधी मान्य करून मगच पुढच्या प्रश्नांकडे वळले पाहिजे.

‘मानवबंधूंनो’ ही हाक

कादंबरी वाचकाला मानवबंधू म्हणून हाक मारत सुरू होते. हे संबोधन पंधराव्या शतकातल्या फ्राँस्वा व्हियों या फ्रेंच कवीच्या एका प्रसिद्ध कवितेतून आले आहे, जिच्यात फासावर लटकलेली प्रेते मागे उरलेल्या माणसांकडे करुणेची याचना करतात. आउए हाक तीच मारतो, पण याचना करत नाही. त्याला पश्चात्ताप नाही. तो युद्धातल्या मृतांचे आकडे मांडतो, सरासरी किती सेकंदांना एक माणूस मेला याचे गणित करून दाखवतो, आणि मग आपला मुख्य युक्तिवाद पुढे ठेवतो. तुमच्या बायकामुलांना मारायला कोणी येत नाही आणि दुसऱ्याच्या बायकामुलांना मारायला तुम्हाला कोणी सांगत नाही, अशा देशात आणि काळात तुम्ही जन्मला असाल, तर देवाचे आभार माना. मात्र तुम्ही माझ्यापेक्षा सुदैवी असाल, माझ्यापेक्षा चांगले असालच असे नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

या युक्तिवादाची ताकद मोठी आहे, कारण तो वाचकाच्या प्रामाणिकपणालाच आवाहन करतो. स्वतःशी खरे बोलणारा कोणताही वाचक ‘मी नक्कीच नकार दिला असता’ असे छातीठोकपणे म्हणू शकत नाही. येथे होते असे की, वाचकाची विनम्रता निवेदकाच्या उपयोगी पडते. ‘मी कसे वागलो असतो ते मला ठाऊक नाही’ हे कबूल करता करता, ‘म्हणून मी त्याचा न्याय करू शकत नाही’ या भलत्याच निष्कर्षापर्यंत वाचक नकळत पोहोचतो. पहिले विधान खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही.

इतिहासकारांचे काम येथे अत्यंत उपयोगी पडते. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी 1992 साली हॅम्बुर्गच्या 101 क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनचा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 जुलै 1942 रोजी पोलंडमधल्या युझेफुव्ह या गावी या बटालियनने सुमारे 1,500 ज्यूंना मारले. काम सुरू होण्याआधी बटालियनचा प्रमुख मेजर ट्राप याने जाहीर केले की, वयस्क सैनिकांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावे. सुमारे पाचशे माणसांपैकी त्या क्षणी बाराच्या आसपास पुढे आले. त्यांना कोणतीही कठोर शिक्षा झाली नाही. युद्धानंतरच्या खटल्यांत, निःशस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिला म्हणून कोणा जर्मन सैनिकाला किंवा पोलिसाला भयंकर शिक्षा भोगावी लागली, असे एकही उदाहरण बचावपक्षाच्या वकिलांना कागदोपत्री सिद्ध करता आलेले नाही. आउएच्या मांडणीत ‘तुम्हाला मारायला सांगितले जाणे’ आणि ‘तुम्ही मारणे’ यांच्यामध्ये काही अंतरच नाही. युझेफुव्हमध्ये ते अंतर होते, आणि ते बारा जण त्यात उभे राहिले. लिटेल हे जाणत नाही असे नाही. त्याच्या कादंबरीतही कोणाला ना कोणाला या कामातून बाहेर पडण्याची वाट सापडते. पण ती माणसे निवेदकाच्या आवडीचा विषय नसल्यामुळे चटकन मागे पडतात, आणि वाचकही त्यांना विसरतो.

खड्ड्याच्या काठावर

युक्रेनमधल्या भागातला एक प्रसंग जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या लक्षात राहतो. हत्या चालू असताना चारेक वर्षांची एक मुलगी येऊन आउएचा हात धरते आणि आईविषयी विचारते. तिची आई खड्ड्यात आहे. तो तिला उचलतो, बंदूकधारी सैनिकाच्या हाती देतो, आणि हिच्याशी जरा हळुवार वाग, असे त्याला सांगतो. त्यानंतर त्याला तीव्र संताप येतो.

हा प्रसंग वाचताना वाचकाच्या मनात जे होते त्याचे टप्पे वेगळे करून पाहण्यासारखे आहेत. पहिला धक्का मुलीचा असतो. पण मुलगी दोन-तीन वाक्यांत संपते. तिला नाव नाही, मागचे आयुष्य नाही, आणि खड्ड्यात गेल्यावर तिला काय वाटले हे सांगणारा आवाज तर असणारच नाही. मग पानावर उरतो तो आउएचा संताप, त्याची मळमळ, त्याला पुढे कित्येक महिने छळणाऱ्या उलट्या आणि वाईट स्वप्ने. वाचकाच्या मनात जागी झालेली करुणा कोठेतरी टेकायला जागा शोधते, आणि समोर जिवंत शरीर एकच असते. ‘हळुवार वाग’ हे वाक्य म्हणूनच इतके भयंकर आहे. त्यात दयाळूपणाचा सगळा आविर्भाव आहे आणि कृतीत तसूभरही फरक नाही. वाचक जर त्या वाक्यात आउएच्या माणुसकीचा पुरावा शोधू लागला, तर तो आउएने टाकलेल्या सापळ्यातच पाऊल ठेवतो.

हा सापळा लिटेलने शोधून काढलेला नाही. मारेकऱ्यांनी स्वतःच तो वापरला होता. 4 ऑक्टोबर 1943 रोजी पोझनान येथे एस.एस.च्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणात त्या संघटनेचा प्रमुख हाइनरिश हिमलर याने, प्रेतांचे ढीग समोर पाहूनही आपण सभ्य राहिलो, यातच आपल्या कठोरपणाचा गौरव आहे, अशा अर्थाची मांडणी केली होती. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी 1963 मध्ये, ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइशमन याच्या खटल्यावर लिहिताना या क्लृप्तीचे मर्म अचूक पकडले. माणसाला दुसऱ्याच्या यातना पाहून स्वाभाविकपणे जी कणव येते ती नाहीशी करण्याऐवजी तिची दिशा स्वतःकडे फिरवायची, म्हणजे ‘मी लोकांचे काय केले’ याऐवजी ‘माझे कर्तव्य करताना मला काय काय पाहावे लागले’ असा विचार मारेकरी करू लागतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे मारेकऱ्याविषयीची सहानुभूती ही संहाराच्या यंत्रणेबाहेरची, नंतर साहित्याने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. ती त्या यंत्रणेचा एक चालता भाग होती. आउएची मळमळ वाचून ज्याला आउएविषयी वाईट वाटते, तो वाचक त्या भागाचे काम किती सहज होते हे स्वतःच्या अंगावर अनुभवतो. कादंबरीचे या ठिकाणचे यश मी निःसंकोचपणे मान्य करतो, कारण निबंधाला हे दाखवता आले नसते.

कॉकेशसमधली परिषद

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा मात्र बाबी यारमध्ये नाही. तो कादंबरीच्या कॉकेशसमधल्या भागात आहे, जिथे गोळीबार जवळजवळ थांबलेला असतो आणि पाने विद्वानांच्या संभाषणांनी भरलेली असतात.

1942 च्या हिवाळ्यात आउए आता ‘ड’ पथकात आहे. जर्मन सैन्य नालचिक शहरापर्यंत पोहोचले आहे, आणि तिथे ‘पहाडी ज्यू’ म्हणून ओळखला जाणारा एक समाज राहतो. ते ज्यू धर्म पाळतात, पण फारसीच्या कुळातली एक भाषा बोलतात आणि त्यांच्या चालीरीती शेजारच्या डोंगरी लोकांसारख्या आहेत. अधिकाऱ्यांपुढे प्रश्न असा आहे की, हे लोक वंशाने ज्यू आहेत, की पूर्वी कधीतरी धर्मांतर केलेले इराणी वंशाचे लोक आहेत. उत्तर पहिले आले तर सर्वांना मारायचे, दुसरे आले तर सोडायचे. सैन्याला स्थानिक डोंगरी जमातींशी वैर नको आहे, म्हणून त्यांना दुसरे उत्तर हवे आहे. एस.एस.ला पहिले हवे आहे. बर्लिनहून तज्ज्ञ बाई बोलावल्या जातात, कुटुंबांच्या घरी जाऊन पाहणी होते, पाहुणचार होतो, आणि शेवटी एक रीतसर परिषद भरते.

येथेही पाया इतिहासाचाच आहे. नालचिकच्या पहाडी ज्यूंचा प्रश्न जर्मन यंत्रणेपुढे खरोखर आला होता, काबार्डियन समाजातल्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांच्या बाजूने रदबदली केली होती, निर्णय लांबला, आणि जानेवारी 1943 मध्ये जर्मनांना शहर सोडावे लागल्यामुळे त्यांतले बहुसंख्य लोक वाचले. इतर काही वस्त्यांमधल्या पहाडी ज्यूंच्या वाट्याला हे नशीब आले नाही. ज्यांच्याबाबत कोणी प्रश्नच विचारला नाही, त्यांना मारले गेले. त्याआधी एक वर्ष, क्रिमियात याच ‘ड’ पथकापुढे दोन समाजांचा असाच प्रश्न आला होता. कराइट समाजाला ज्यू नाहीत म्हणून सोडून देण्यात आले, आणि क्रिमचाक समाजाला ज्यू ठरवून संपवण्यात आले.

आता वाचकाकडे पाहू. या भागात फॉस नावाचा एक तरुण भाषाशास्त्रज्ञ आहे. कॉकेशसमधल्या भाषांचे त्याचे ज्ञान विलक्षण आहे, बोलणे रसाळ आहे, आणि वंशसिद्धान्त हे शास्त्रच नव्हे असे तो आउएला स्पष्ट सांगतो. वाचकाला तो आवडतो. त्याचे बोलणे ऐकताना स्वरव्यंजनांच्या गुंतागुंतीत, स्थलांतरांच्या मार्गांत, व्याकरणाच्या पुराव्यांत वाचकाला गोडी वाटू लागते. आउएलाही तीच गोडी वाटते. पुढे फॉस मारला जातो तेव्हा हळहळ वाटते. आणि परिषदेची वेळ येते तेव्हा वाचक एखाद्या चुरशीच्या वादविवादाला बसावा तसा बसलेला असतो. कोणाचा पुरावा भक्कम, कोणाचा युक्तिवाद लटका, तज्ज्ञ बाईंचे म्हणणे कोठे फसते, हे तो तपासू लागतो. पहाडी ज्यूंच्या बाजूने पुरावा अधिक बळकट आहे असे दिसले की त्याला समाधान वाटते.

समाधान वाटते, येथेच थांबायला हवे. कारण त्या समाधानासाठी वाचकाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पुरावा उलट दिशेने गेला असता तर त्यांना मारणे हे निदान सुसंगत ठरले असते. वाचक हे मनात बोलत नाही. कोणी विचारले तर तो संतापाने नाकारील. पण ज्या चर्चेत ‘हे लोक ज्यू आहेत का’ हा प्रश्न विचारला जातो आणि ‘ज्यू असले म्हणून काय झाले’ हा प्रश्न विचारताच येत नाही, त्या चर्चेत रस घेणे म्हणजेच तिचे नियम मान्य करणे आहे. टेबलाभोवती बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी काही वेगळे केले नाही. त्यांना रक्ताची तहान नव्हती. त्यांना आपापल्या विषयात रस होता, आपापल्या खात्याची बाजू राखायची होती. कोणाचाही द्वेष न करता, केवळ समोर ठेवलेल्या प्रश्नात गुंतून, माणूस संहाराच्या कामात किती दूरवर जाऊ शकतो, हे या पानांतून कळते, आणि ते वाचकाला कळते ते आउएकडे पाहून नव्हे, स्वतःकडे पाहून.

मराठी साहित्यविचारात न. चिं. केळकर यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना या ठिकाणी मला फार नेमकी वाटते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, तरी आपण आपणच आहोत याची जाणीव सुटत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असे केळकरांचे म्हणणे होते. बाबी यारच्या पानांवर ही दुसरी जाणीव लख्ख जागी असते. वाचक आउएच्या डोळ्यांनी पाहतो, पण किळस त्याची स्वतःची असते. कॉकेशसच्या पानांवर ती जाणीव झोपी जाते, आणि त्याचे कारण समाधी फार खोल लागते असे नाही. विषयच असा निवडलेला आहे की, आपण आणि आउए यांत फरक करण्याची गरज वाचकाला भासत नाही. क्रूरता पाहताना माणूस सावध असतो. विद्वत्तेपुढे तो सावध नसतो. अत्याचार करणाऱ्या पात्राशी होणाऱ्या तादात्म्याचा धोका मोजायचा असेल तर तो सर्वाधिक रक्तरंजित पानांवर मोजू नये, असे या प्रकरणावरून माझे ठाम मत झाले आहे.

कादंबरी जिथे हात आखडते

उत्तरार्धात लिटेल दुसऱ्या दिशेने जातो. कादंबरीचे नाव ग्रीक नाटकातल्या, मातृहत्या करणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवतांवरून घेतलेले आहे, आणि कथानकही तसेच वळते. आउएचे जुळ्या बहिणीशी असलेले निषिद्ध संबंध, आईचा आणि सावत्र वडिलांचा खून, त्याला आठवतच नसलेले ते कृत्य, त्याचा छडा लावत त्याच्या मागे लागलेले दोन पोलीस, आणि रोगट कल्पनाविलासांची लांबच लांब पाने. शेवटी बर्लिन पडत असताना तो आपला जीव अनेकदा वाचवणाऱ्या टोमास या मित्राला मारून त्याची कागदपत्रे घेतो आणि निसटतो.

पहिल्या पानावर ‘मी तुमच्यासारखाच’ म्हणणारा माणूस आता कोणासारखाच उरत नाही. अनेक समीक्षकांनी हा आक्षेप घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. लिटेलच्या बाजूने असे म्हणता येते की, त्याला सरासरी नाझी रंगवायचाच नव्हता. संहाराच्या सर्व ठिकाणी उपस्थित राहू शकेल असा एक साक्षीदार त्याला हवा होता. हे मान्य केले तरी परिणाम बदलत नाही. कॉकेशसमध्ये वाचक ज्या टेबलापाशी जाऊन बसला होता, तिथून उठून जाण्याची सोय कादंबरी स्वतःच करून देते. आईचा खून करणारा, बहिणीच्या वेडाने झपाटलेला माणूस पाहिला की वाचक हायसे वाटून म्हणतो, हा तर विकृत होता. पण परिषदेतले बाकीचे सभासद विकृत नव्हते. त्यांच्याविषयीचा प्रश्न तसाच राहतो, आणि आउएच्या रोगट स्वप्नांच्या गर्दीत तो ऐकू येईनासा होतो. मानसिक विकृतीचे कथानक निम्म्याने कमी असते तर ही कादंबरी अधिक असह्य झाली असती, आणि अधिक खरीही.

लाँझमान यांचा आक्षेप

क्लोद लाँझमान यांचा आक्षेप याहून मूलभूत होता. त्यांनी 1985 साली पूर्ण केलेल्या साडेनऊ तासांच्या माहितीपटासाठी ज्यूसंहारातले साक्षीदार, वाचलेले लोक आणि काही मारेकरी यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ट्रेब्लिंका छावणीतल्या एका माजी पहारेकऱ्याला बोलते करण्यासाठी त्यांना लपवलेला कॅमेरा वापरावा लागला होता. लिटेलच्या ऐतिहासिक तपशिलांची अचूकता त्यांनी मान्य केली, पण मारेकरी असे बोलत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. खरे मारेकरी टाळतात, विसरतात, आकडे कमी सांगतात, दुसऱ्याकडे बोट दाखवतात. आउएसारखी अस्खलित, आत्मपरीक्षण करणारी, नऊशे पानांची साक्ष त्यांच्यापैकी कोणी दिलेली नाही.

हे खरे आहे, आणि वाचकाच्या सहानुभूतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. वाचक ज्याच्याशी जोडला जातो तो मारेकरी नसतोच. मारेकऱ्याच्या जागी बसवलेली एक लेखकाची बुद्धी असते, जी मारेकऱ्याहून अधिक प्रामाणिक, अधिक तीक्ष्ण आणि अधिक बोलकी आहे. म्हणजे जवळीक वाटते ती लिटेलच्या भाषेशी, आणि तिचे श्रेय जमा होते आउएच्या खात्यावर. प्रथमपुरुषी निवेदनाची ही हातचलाखी सर्वच कादंबऱ्यांत असते. एरवी ती निरुपद्रवी असते. येथे ती तशी नाही, कारण या आवाजामुळे खऱ्या मारेकऱ्यांनी कधीही न दाखवलेली आंतरिक खोली त्यांना उसनी मिळते. तरीही लाँझमान यांच्याबरोबर मी शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. मारेकरी बोलत नाहीत म्हणून त्यांना बोलते करायचेच नाही, असे ठरवले तर कॉकेशसमधली ती परिषद आपल्याला कधीच आतून दिसणार नाही, आणि तिच्या इतिवृत्तांतून तर ती मुळीच दिसत नाही.

मात्र एक दुसरी नजर या कादंबरीशेजारी ठेवल्यावाचून हे वाचन पुरे होत नाही, असे मला वाटते. दीना प्रोनिचेव्हा ही कीव्हच्या कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीवर काम करणारी अभिनेत्री बाबी यारमधून जिवंत बाहेर आली. गोळी लागण्याआधीच तिने खाली उडी घेतली, प्रेतांमध्ये मेल्याचे सोंग घेऊन ती पडून राहिली, वरून माती पडू लागली तेव्हा अंधारात स्वतःला मोकळे करून ती घळीच्या कडेने वर चढली. जानेवारी 1946 मध्ये कीव्ह येथे चाललेल्या खटल्यात तिने साक्ष दिली. अनातोली कुझ्नेत्सोव्ह यांच्या 1966 च्या दस्तऐवजी कादंबरीत तिची हकीकत सविस्तर आली आहे. तिच्या साक्षीत मारेकऱ्यांना मन नाही, मळमळ नाही, फ्रेंच साहित्याची आवड नाही. बूट आहेत, विजेऱ्या आहेत, आणि कण्हण्याच्या आवाजाच्या दिशेने झाडलेल्या गोळ्या आहेत. खाली पडलेल्या माणसापर्यंत मारेकऱ्याचे जेवढे अस्तित्व पोहोचते, ते एवढेच.

दोन्ही वर्णने एकाच घळीची आहेत. आउएच्या मानवबंधूंमध्ये दीना प्रोनिचेव्हा नाही. तिच्या घरच्यांच्या वंशजाने ही कादंबरी उघडली तर पहिल्याच शब्दाने मारलेली हाक त्याच्यासाठी नसते, कारण ‘तुम्हीही माझ्या जागी असता’ हे वाक्य जो मारेकऱ्याच्या जागी असू शकला असता त्यालाच उद्देशून आहे. जो खड्ड्यात असता त्याला त्यात स्थान नाही. त्या वाचकाने पुस्तक मिटले तर ते त्याच्या संवेदनेचे अपयश मानता येणार नाही. आणि ज्याला ती हाक आपल्यासाठी आहे असे सहजपणे वाटले, त्याने कॉकेशसच्या प्रकरणात आपल्याला नेमके कोणत्या युक्तिवादाने समाधान वाटले, ते पान शोधून पुन्हा एकदा वाचावे, आणि त्या पानावर चर्चेचा विषय असलेल्या माणसांपैकी किती जणांची नावे आपल्याला आठवतात ते तपासावे.